साधकाच्या घरातली शाळेची सकाळ



साधना म्हटले की आपल्याला पहाट आठवते. सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी ब्राह्ममुहूर्त सुरू होतो आणि तो ४८ मिनिटे असतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. म्हैसूरला सूर्य वर्षभर साधारण सहा ते पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे इथे हा काळ ऋतूप्रमाणे पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान येतो. ज्यांची मुले मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली आहेत, त्यांना या वेळी आसनावर बसणे जमते. पण ज्या घरात दुसरीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी आहे, तिथे पहाटे पाच ते पावणेआठ हा वेळ कोणाचा असतो? आणि त्या घरातले एक माणूस डोळे मिटून बसलेले असताना दुसरे काय करत असते?

आजच्या पाठात आपण याच वेळेचा अभ्यास करणार आहोत. विषय घरगुती आहे, रोजचा आहे, म्हणून तो लहान समजू नये. दिवसभरात आपला संयम जितका या दोन-अडीच तासांत तपासला जातो, तितका क्वचितच दुसऱ्या वेळी तपासला जात असेल.

सकाळ कुठे अडते?

म्हैसूरमध्ये मराठी कुटुंबे बरीच आहेत. कोणी बदलीच्या नोकरीमुळे आले, कोणी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी दक्षिणेत आले आणि इथेच स्थिरावले. अशा एखाद्या घरातली जूनमधली सकाळ डोळ्यांसमोर आणू या. शाळा नुकतीच सुरू झाली आहे. बाहेर पावसाची भुरभुर आहे. व्हॅन पावणेआठला कोपऱ्यावर येते असे धरू.

आई साडेपाचला उठते. दारातली नंदिनी दुधाची पिशवी आत घेते, दूध तापायला ठेवते, कणीक मळते. दोन डबे मधल्या सुट्टीचे, दोन जेवणाचे आणि एक नवऱ्याचा. साडेसहाला ती मुलांना हाक मारते. पहिली हाक गोड असते. दुसरीत थोडी घाई असते. तिसरी शेजारच्या घरातही ऐकू जाते. सातला मुलगा उठतो आणि पलंगाच्या काठावर नुसता बसून राहतो. सव्वासातला मोजे सापडत नाहीत. सापडतात ते ओले. साडेसातला मुलगी म्हणते, "आई, कन्नडच्या वहीवर सही हवी आहे, आणि दोन ओळी लिहायच्या राहिल्यात." कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार टप्प्याटप्प्याने पहिलीपासून सर्व शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण आईला ती लिपी अजून नीट वाचता येत नाही. ती चिडते. "काल रात्री का नाही सांगितलंस? रोज उठून हेच!" मुलगी रडवेली होते. खाली व्हॅनचा हॉर्न वाजतो. बाबा देवघरातून बाहेर येतात आणि शांत स्वरात म्हणतात, "अगं, सकाळी सकाळी एवढा आरडाओरडा कशाला? जरा शांतपणे नाही का घेता येत?"

हे वाक्य ऐकून आईला काय वाटले असेल, याचा विचार प्रत्येकाने स्वतः करावा.

आता शांत कोण आहे? वरवर पाहता बाबा. पण त्यांची शांती कशावर उभी आहे? मी वाणिज्य शाखेत शिकते. हिशेबाच्या विषयात एक साधी गोष्ट पहिल्यापासून शिकवली जाते: खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे पाहिल्याशिवाय नफा सांगू नये. बाबांना मिळालेली अर्ध्या-पाऊण तासाची शांती हा नफा खराच आहे. पण त्याचा खर्च आईच्या खात्यावर पडला आहे, आणि मुलीच्या रडवेल्या चेहऱ्यावरही. तो धरला नाही, तर हिशेब खोटा ठरतो. काही घरांत आई आसनावर बसते आणि आजी धावते, किंवा बाबांच्या वाट्याला सगळे येते. नाती बदलली तरी प्रश्न तोच राहतो.

या पाठाचा मूळ विचार एवढाच आहे: शाळेच्या सकाळी घरात शांती हवी असेल, तर आधी काम वाटून घ्यावे लागते. दुसऱ्याच्या धावपळीवर उभी राहिलेली शांती ही साधना नव्हे.

पहिली पायरी: झोपेचा हिशेब

सकाळी न उठणाऱ्या मुलाला आपण सहज आळशी म्हणतो. पण आधी त्याची झोप मोजून पाहावी. अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये अभ्यासांती सांगितले की ६ ते १२ वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप लागते आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. दुसरीतल्या मुलाला सव्वासहाला उठवायचे असेल, तर अगदी कमीत कमी नऊ तासांसाठीही तो रात्री सव्वानऊला झोपलेला हवा. अंथरुणावर पडलेला नव्हे, झोपलेला. म्हणजे जेवण आठपर्यंत, आणि पावणेनऊनंतर घरातला आवाज व उजेड कमी.

हा प्रश्न एकट्या म्हैसूरचा नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी व्हावी यासाठी शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करावा असे सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. १ जुलै २०२२ पासून तिथल्या बहुतेक माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू होत नाहीत. मोठमोठ्या शासनांना जी गोष्ट विचारात घ्यावी लागली, तिच्यासाठी आपण सात वर्षांच्या मुलाला दोषी धरू नये.

शाळेची वेळ आपल्या हाती नसते. रात्रीची वेळ मात्र बरीचशी असते. इथे आपल्याला स्वतःकडेही पाहायला हवे. आपले सत्संग, अभ्यासवर्ग, भजन संध्याकाळी साडेसातला सुरू होऊन कधी साडेनऊ-दहापर्यंत चालतात. लहान मुले सतरंजीवरच पेंगतात, मग त्यांना उचलून घरी नेले जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलांना "ऊठ, किती झोपशील!" असे ऐकावे लागते. ज्या कुटुंबात शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांनी शाळेच्या आदल्या रात्री कार्यक्रमातून लवकर निघणे हा भक्तीतला उणेपणा मानू नये. आयोजकांनीही तो तसा मानू नये. जमल्यास कार्यक्रमच अर्धा तास आधी सुरू करावा.

दुसरी पायरी: मूल का अडते ते शोधणे

या बाबतीत महाराष्ट्राला एक मोठा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दिला. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडला गेले. आजूबाजूला वारली पाडे होते. तिथली मुले शाळेत येत नव्हती. त्या काळी सहज म्हटले गेले असते की या लोकांना शिक्षणाची आवड नाही. या दोघींनी तसे म्हटले नाही. मूल सकाळी नेमके काय करते हे त्यांनी पाहिले. कोणी गुरे राखायला जात होते. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसले होते, कारण आई-वडील कामाला गेले होते.

मग त्यांनी शाळाच बदलली. मुले अंगणाबाहेर येत नसतील तर शिक्षिकेने अंगणात जावे, यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. भावंडे सांभाळणाऱ्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरले वर्गात बसू शके. मुलाला दोष देण्याआधी मुलाची अडचण समजून घ्यायची, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते.

आपल्या घरातली अडचण वारली पाड्यावरच्या मुलाएवढी बिकट नसेल. पण पद्धत तीच लागू पडते. मूल दात घासताना पंधरा मिनिटे लावते, ते का? झोप पुरी झालेली नाही, की आज तोंडी परीक्षा आहे, की व्हॅनमधले एखादे मोठे मूल त्याला त्रास देते? बूट घालायला वेळ लागतो, तो हट्ट आहे की त्याला अजून नाडी बांधताच येत नाही? मारिया मोंतेसरी यांनी लहान मुलांसाठी खास लाकडी चौकटी तयार केल्या होत्या. त्यांवर कापडाचे दोन तुकडे असत आणि मूल त्यांची बटणे, हूक, नाड्या लावायला-सोडायला शिके. ताराबाईंच्या बालशिक्षणालाही याच विचाराचा आधार होता. अंगातल्या शर्टाची बटणे घाईत लावणे कठीण असते. तीच कला निवांत वेळी, समोर ठेवून शिकली की हातात बसते. म्हणून नाडी बांधणे, भांग पाडणे, डब्याचे झाकण लावणे या गोष्टी रविवारी दुपारी शिकवाव्यात. व्हॅन दारात उभी असताना माणूस शिकत नाही आणि शिकवूही शकत नाही.

लहान मुलाला "पाच मिनिटांत आवर" याचा अर्थही फारसा कळत नाही. त्याला क्रम कळतो: आधी दात, मग अंघोळ, मग गणवेश, मग दूध. रोज तोच क्रम ठेवला की आपल्याला सूचना कमी द्याव्या लागतात. सूचना कमी झाल्या की आवाजही खाली येतो.

तिसरी पायरी: कामाची वाटणी

आता देवघरातून बाहेर आलेल्या बाबांकडे पुन्हा वळू. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून अधिक, दुसरीकडे दीड तासाहून कमी. त्यातही पुरुषांची ही सरासरी कामात भाग घेणाऱ्यांचीच आहे. जे कामाला हातच लावत नाहीत ते तिच्यात धरलेले नाहीत. मुलांची व घरातल्या इतरांची काळजी घेण्यातही १५ ते ५९ वयोगटातल्या स्त्रिया सरासरी १४० मिनिटे देतात आणि पुरुष ७४ मिनिटे.

आपण कर्मयोगाबद्दल अनेकदा वाचतो, ऐकतो, बोलतो. फळाची अपेक्षा न धरता समोर आलेले कर्म करावे, हे आपल्याला पाठ असते. सकाळी सहा वाजता आपल्यासमोर आलेले कर्म कोणते? ते पोळ्या लाटणे असेल, दप्तर तपासणे असेल, मुलाच्या डोक्याला तेल लावणे असेल. त्यात कौतुक नाही, फळ लगेच दिसत नाही, आणि उद्या पुन्हा तेच करायचे आहे. निष्काम कर्माच्या सरावाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

वाटणी करताना एक काळजी घ्यावी. "मी मदत करतो, काय करू सांग" असे म्हणणे हे अर्धेच काम आहे, कारण काय करायचे हे आठवत राहण्याचा भार तसाच दुसऱ्यावर राहतो. त्यापेक्षा एक काम पूर्ण आपल्याकडे घ्यावे. उदाहरणार्थ, बाबांनी म्हणावे, "दप्तर, डायरी आणि बूट-मोजे आजपासून माझ्याकडे." मग ओले मोजे ही बाबांची चिंता. कन्नडची डायरी रात्री पाहणे हेही त्यांचेच काम. स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारच्या अज्जींना विचारून यायचे. त्या निमित्ताने घरातले सगळे थोडी कन्नड शिकतील. जिथे आपण राहतो तिथली भाषा शिकणे हीसुद्धा सेवाच आहे.

मग ध्यान केव्हा करायचे? दोघांनाही वेळ मिळेल असे. सोमवार-बुधवार-शुक्रवार पहाट एकाची, मंगळवार-गुरुवार-शनिवार दुसऱ्याची, असे ठरवता येते. किंवा व्हॅन गेल्यावर दोघांनी मिळून पंधरा मिनिटे बसावे. ज्या घरात एकच पालक आहे, तिथे मुले शाळेत गेल्यानंतरचा किंवा रात्री ती झोपल्यानंतरचा वेळ हाच त्या पालकाचा ब्राह्ममुहूर्त मानावा. मुहूर्त चुकल्याचे दुःख करण्यापेक्षा, तो कोणाच्या खांद्यावर पाय ठेवून साधला नाही याचे समाधान मोठे आहे.

चौथी पायरी: सकाळ संध्याकाळीच सुरू होते

सकाळच्या कामांची यादी करून पाहिली, तर निम्मी कामे आदल्या संध्याकाळी होऊ शकतात असे दिसते. इडलीचे पीठ आपण रात्रीच आंबायला ठेवतो. सकाळी दळून सकाळी इडली करू असे कोणी म्हणत नाही. तोच नियम बाकीच्या तयारीलाही लावावा.

रात्री जेवणानंतर वीस मिनिटे घरातल्या सर्वांनी मिळून तयारी करावी. वेळापत्रक पाहून दप्तर भरावे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. २५ किलोच्या मुलासाठी अडीच किलो. सगळीच पुस्तके रोज कोंबली, तर वजनही वाढते आणि सकाळी हवी ती वही सापडतही नाही. गणवेश, मोजे, ओळखपत्र, रुमाल एकाच ठिकाणी ठेवावे. भाजी चिरून ठेवावी. डायरीवर सही करावी. आणि "उद्या काही न्यायचे आहे का?" हा प्रश्न मुलांना रात्री साडेआठला विचारावा.

यानंतर पाच-दहा मिनिटे मुलांपाशी बसावे. दिवे मंद करावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, एखादी गोष्ट सांगावी. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' असे नाव आहे, कारण श्याम आपल्या आईच्या आठवणी मित्रांना रात्री सांगतो. दिवसाची कामे संपल्यावर, मन निवले असताना सांगितलेले आत पोहोचते. सकाळी घाईत केलेला उपदेश मुलाच्या कानावर पडतो, पण तिथेच राहतो. जे संस्कार द्यायचे ते रात्री द्यावेत. सकाळी फक्त प्रेमाने हाक मारावी.

उंबरठ्यावरचे एक मिनिट

इतके करूनही एखाद्या दिवशी सगळे बिघडेल. दूध उतू जाईल, गॅस संपेल, मूल रुसून बसेल. त्या दिवशी एकच गोष्ट सांभाळावी: मूल उंबरठा ओलांडताना त्याच्या कानात शेवटचा शब्द रागाचा नसावा. ते वाक्य घेऊन मूल व्हॅनमध्ये बसते, वर्गात जाते, आणि दुपारपर्यंत तुम्ही त्याच्याजवळ नसता. तुमचा राग पाच मिनिटांत निवेल. त्याला मात्र ते कळवण्याचा काही मार्ग नाही. व्हॅनवाल्या अण्णांना हात करून एक मिनिट थांबवावे लागले तरी चालेल. खाली वाकावे, मुलाच्या डोळ्यांत पाहावे, कॉलर सारखी करावी आणि म्हणावे, "नीट जा हं. दुपारी वाट बघते." बाबांनीही हेच करावे.

डबा विसरला तर मूल कोणाच्या तरी डब्यात जेवेल. कन्नडच्या दोन ओळी राहिल्या तर शिक्षक समजून घेतील. ही सगळी नुकसाने भरून निघणारी आहेत.

या आठवड्याचा अभ्यास

१. सोमवारी, काही न बदलता, सकाळी पाच ते पावणेआठ या वेळात घरातल्या प्रत्येकाने काय केले ते दोघांनी वेगवेगळे लिहावे. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. या वेळी कोणी कोणाला उत्तर देऊ नये.

२. मंगळवारी मुलांना किती तास झोप मिळते ते मोजावे. कमी असेल तर रोज दहा मिनिटे झोपण्याची वेळ अलीकडे आणावी.

३. बुधवारपासून, आतापर्यंत सकाळी कमी काम करणाऱ्याने एक काम संपूर्ण आपल्याकडे घ्यावे आणि आठवडाभर त्याबद्दल कोणालाही आठवण करून द्यायला लावू नये.

४. रोज रात्री वीस मिनिटांची तयारी आणि त्यानंतर एक गोष्ट.

५. रोज सकाळी उंबरठ्यावरचे एक मिनिट.

चिंतनासाठी प्रश्न

माझ्या ध्यानाच्या वेळी घरातले काम कोण करत असते? त्या व्यक्तीला मी शेवटचे कधी विचारले की तिला बसायला वेळ मिळतो का? माझे मूल माझ्या साधनेबद्दल त्याच्या मित्राला काय सांगेल: "बाबा ध्यान करतात म्हणून आमच्या घरी कोणी ओरडत नाही", की "बाबा ध्यान करतात तेव्हा आईला एकटीलाच सगळं करावं लागतं"?

या प्रश्नांची उत्तरे पुढच्या साप्ताहिक अभ्यासवर्गात जोडीदारासोबत बसून मांडावीत. शक्य असल्यास त्या दिवशी मुलांचा सांभाळ आणि प्रसादाची तयारी पुरुष साधकांनी करावी, म्हणजे ज्यांना आजवर मागच्या रांगेत एक डोळा मुलांवर ठेवून बसावे लागले, त्यांना पुढे बसून बोलता येईल.